पाच वर्षांच्या पाच तुकड्या

बसा. खुर्च्या पुरणार नाहीत, पायरीवर बसा. शाळेत जमिनीवरच बसत होतात. चहा येतोय. तोवर तो कागद पुन्हा पिशवीत घाला, वाऱ्याने उडेल. उडाला तर बरंच होईल म्हणा, पण पाचशेचा स्टॅम्पपेपर आहे, तुमचा जीव हळहळेल.

वाचला मी. दोनदा वाचला. एकदा मजकुरासाठी, एकदा शुद्धलेखनासाठी. 'कार्यकाळ' हा शब्द त्यात अकरा वेळा आलाय आणि नऊ वेळा चुकलाय. 'कार्येकाळ'! जो शब्द धड लिहिता येत नाही, तो वाटून घ्यायला निघालात? आणि हसू नकोस रे तू, मागच्या बाकावरच्या. तुझं अक्षर मी अजून ओळखतो. हा मसुदा तूच लिहिलायस.

तुमच्या गावाचं नाव मी घेणार नाही. पडवीतून बोललेलं हर्ण्याच्या बाजारात पोचायला पाच मिनिटं लागत नाहीत, आणि चुकलेल्या पोराचं नाव फळ्यावर लिहायची माझी पद्धत नव्हती. पण ऐकून घ्यावं लागेल. एस.टी. साडेसहाची आहे, वेळ आहे.

कागदात काय म्हणता? सरपंचपदाला एकच अर्ज ठेवायचा. ज्याचा अर्ज, त्याने देवळाच्या सभामंडपाला अमुक लाख द्यायचे. बाकीच्यांनी आपापले अर्ज मागे घ्यायचे. उपसरपंचपदाचे पाच भाग, वर्षाला एक माणूस. ठरल्या दिवशी राजीनामा नाही दिला तर लाखाचा दंड. आणि पाचही जणांचे राजीनामे सही करून, तारखेची जागा कोरी ठेवून, आजच एका 'तटस्थ, वडीलधाऱ्या व्यक्तीकडे' ठेवायचे. ती वडीलधारी व्यक्ती म्हणजे मी. वा! पस्तीस वर्षं मी तुमच्या कोऱ्या उत्तरपत्रिका जमा केल्या, आता कोरे राजीनामे जमा करू?

पहिलं कायद्याचं बोलू, कारण तेवढंच तुम्हाला पटकन समजेल. हा कागद बाद आहे. पाचशेचा असो नाहीतर पाच लाखांचा. १८७२ चा करार कायदा, कलम २३ : ज्या कराराचा हेतू लोकहिताच्या विरुद्ध, तो करार नाहीच. त्या कलमाखाली इंग्रजांनी एक उदाहरण घालून ठेवलंय. एकाने दुसऱ्याला सरकारी नोकरी मिळवून द्यायची आणि दुसऱ्याने त्याचे हजार रुपये द्यायचे, असा करार झाला तर? रद्दबातल. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं उदाहरण, आणि तुम्ही फक्त हजाराचे लाख केलेत. त्यामुळे पहिल्या गड्याने वर्ष संपल्यावर राजीनामा दिला नाही, तर लाखाचा दंड कुठल्या कोर्टात वसूल करणार आहात? दापोलीला? न्यायाधीशासमोर उभं राहून काय सांगणार, 'साहेब, आम्ही पद वाटून घेतलं होतं आणि हा आपली वाटणी सोडत नाही'?

उलट हा कागद सापडला तर तो तुमच्याच विरुद्धचा पुरावा. उमेदवारी अर्ज भरणं, न भरणं, मागे घेणं हा कायद्याने निवडणुकीतला हक्क धरलाय. तो कसा वापरायचा यासाठी माणसाला लाभ दिला की त्याचं नाव लाच. आधी दंडसंहितेत होतं, आता न्याय संहितेत आहे. 'सर, पैसे आम्ही घेत नाही, देवाला देतोय.' देवाने मागितले होते का? आणि सभामंडपाची पावती कुणाच्या नावाने फाडणार, तेही वाचलंय मी. कलम सात. देणगीदार म्हणून संगमरवरावर नाव.

मघाशी येताना बंदरावरून आलात ना? संध्याकाळचा लिलाव पाहिलात? लहानपणापासून पाहताय, म्हणून दिसेनासा झालाय. होड्या बाहेर नांगर टाकून उभ्या राहतात, छोट्या होडीतून माल किनाऱ्याला येतो, वाळूत ढीग लागतात, भोवती कोंडाळं जमतं आणि बोली सुरू होते. समोर सुवर्णदुर्ग. त्या लिलावाला मी कधी नावं ठेवली नाहीत. का? तिथे माल उघड्यावर असतो. पापलेटाचा कल्ला उचलून बघता येतो, लाल आहे की काळा पडलाय. बोली सगळ्यांना ऐकू जाते. आणि मुख्य म्हणजे ज्याने जाळं टाकलं, त्याचाच तो मासा असतो. स्वतःचा माल तो विकतोय. तुम्ही विकताय तो माल कुणाचा? तुमच्या गावातल्या प्रत्येक मतदाराचा. त्यांना विचारलंत? ग्रामसभेत विषय ठेवला होतात? नाही. देवळात, रात्री, दार लोटून. निदान बंदरावरच्या लिलावाइतका तरी उघडेपणा दाखवायचा होता.

हे पहिल्यांदा तुम्हालाच सुचलं असंही नाही. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातलं उमराणे, नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी. २०२०-२१ च्या निवडणुकीत दोन्हीकडे सरपंचपदाची बोली लागली. उमराण्यात आकडा दोन कोटींच्या वर गेला, तोही देवळासाठीच. खोंडामळीत बेचाळीस लाख. मोबाइलवर चित्रफिती फिरल्या, आणि मतदान दोन दिवसांवर आलेलं असताना राज्य निवडणूक आयुक्त मदान यांनी दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. उमराणे कांद्याचा पैसा खेळणारं गाव, दोन कोटी बोलू शकलं. तुमच्या गावात नळाला दिवसाआड पाणी येतं. तुम्ही बोली लावून कोणाची बरोबरी करताय?

आता मुदतीचं. इथे मला खरा राग आहे, चहा घ्या.

पाच वर्षं हा आकडा कुठून आला, सांगेल कोणी? नागरिकशास्त्राचं पुस्तक लहान असायचं, वीस गुणांचं, म्हणून तुम्ही ते परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचात. त्याचं फळ समोर बसलंय. ऐका. ह्याच रत्नागिरी जिल्ह्यात तुमच्या आज्या-पणज्यांच्या काळात गावाचा कारभार खोताकडे होता. खोताला मुदत नव्हती. बाप खोत, मुलगा खोत, नातू खोत. नालायक निघाला तरी खोत. त्याला बदलायची तारीख कुठल्याच पंचांगात नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचं बिल मांडलं, पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले, आणि तरी ती पद्धत कायद्याने जायला १९४९ उजाडलं. वर जिल्ह्याला लोकल बोर्ड होतं. १८६९ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा, तो भरायचा तुमच्या पणज्याने. आणि बोर्डाचा अध्यक्ष कोण? कलेक्टर. व्हाइसरॉय रिपनसाहेबाने १८८२ मध्ये लिहून ठेवलं होतं की बोर्डात बिनसरकारी माणसं जास्त असावीत, तरी नेमलेल्यांची सद्दी पुढे कितीतरी वर्षं चालली. नेमणारा वर आणि नेमलेला त्याच्याकडे तोंड करून बसलेला, गावाकडे पाठ.

हे सगळं संपवायला किती लोकांच्या हयाती गेल्या! १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा होताच. तरीसुद्धा निवडणुका सरकारच्या मर्जीने पुढे ढकलल्या जायच्या, म्हणून १९९२ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू. त्यात मुदत थेट घटनेतच घातली. पहिल्या सभेच्या दिवसापासून पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. पंचायत मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांत निवडणूक, आणि नवी येईल तिने उरलेलेच दिवस भोगायचे. म्हणजे घड्याळ माणसाचं नाही, पंचायतीचं आहे. सदस्य आला-गेला, मेला, अपात्र ठरला, तरी ते घड्याळ चालतच राहतं. इतकी काटेकोर व्यवस्था. आणि तुम्ही ती देवळाच्या ओट्यावर घेऊन सुरमईसारखी पाच तुकड्यांत कापलीत. डोकं कुणाला, शेपटी कुणाला.

शेपटीवरून आठवलं. पंचायत नऊ जणांची. वाटणी पाच जणांत. उरलेल्या चौघांना काय, काटे?

आणि तुम्ही तेच ना रे, २०२० साली माझ्याकडे तावातावाने आला होतात? करोनात मुदत संपलेल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींवर प्रशासक बसवायचे ठरले, आणि सरकारने अध्यादेश काढून म्हटलं, 'योग्य व्यक्ती' नेमू, पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने. खासगी माणूससुद्धा चालेल. तेव्हा याच पायरीवर बसून तू, हो तूच, टेबल नव्हतं म्हणून मांडीवर हात आपटत होतास. 'सर, ही नेमणूक आहे, निवडणूक नाही!' शाब्बास म्हटलं होतं मी तुला. उच्च न्यायालयानेही सरकारी अधिकारीच नेमा असं बजावलं, आणि १५ जानेवारी २०२१ ला मतदान झालं. मग जिल्हा परिषदेचं बघा. २०१७ ला निवडून आलेली परिषद २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसला तो बसलाच. आरक्षणाचा वाद, प्रभागांचा वाद, तारखांवर तारखा. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, सप्टेंबरात पुन्हा ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून द्यावी लागली. तीन वर्षांहून जास्त काळ दापोली तालुक्यातल्या माणसाला आपला जिल्हा परिषद सदस्य नव्हता. तेव्हाही ओरडलात. बरोबर ओरडलात.

मग वरच्याने मुदत ताणली की लोकशाहीचा खून, आणि तुम्ही खालून कापली की समजूतदारपणा? त्यांनी निदान न्यायालयात जाऊन उत्तरं दिली. तुम्ही तर साक्षीदार म्हणून मास्तर गाठलात.

'सर, सगळ्यांना संधी मिळावी म्हणून.' हे वाक्य तुम्ही घरून पाठ करून आलाय. संधी कशाची? लेटरहेड छापायची? दारावर पाटी लावायची आणि वर्षाने 'माजी' लिहायची? मी सांगतो एका वर्षात काय होतं ते. पहिले तीन महिने नमुना नंबर पाच म्हणजे रोकडवही आणि आठ म्हणजे कर आकारणीची वही, हे समजण्यात जातात. आणि नमुने तेहतीस आहेत. मग शिमगा. मग पालखी. मग पाऊस. मग गणपतीला चाकरमानी येतात, त्यांच्यासमोर सत्कार घ्यायचा. दिवाळी झाली की पुढचा गडी दारात उभा. विकास आराखडा एका वर्षी बनतो, मंजुरी आणि निविदा दुसऱ्या वर्षी, बिल तिसऱ्या वर्षी. ज्याने पाइपलाइन सुचवली तो ती खोदताना पदावर नाही, खोदणारा बिलाच्या वेळी नाही, आणि बिलावर सही करणाऱ्याला पाइप कुठून कुठे गेलाय ते ठाऊक नाही. पाइप फुटल्यावर विचारायचं कुणाला? पाच 'माजी' एकमेकांकडे बोट दाखवतील. तुमच्या वाटणीतली खरी सोय ही आहे. संधी पाच जणांना, जबाबदारी एकालाही नाही.

पालखी कुठल्या घरी आधी, खांदा कुणाचा, हा मान वाटून घ्या. गावकीत त्याला पिढ्यांची पद्धत आहे, मी तिथे बोलणार नाही. उपसरपंचपद म्हणजे पालखी नव्हे. लोक त्याला खांदा देत नाहीत, त्याने लोकांना द्यायचा असतो. आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची मुदत दोन वर्षांची असते. तिथे पालक सदस्य मिळावेत म्हणून मी घरोघर फिरलोय, चपला झिजल्या. तिथे कधी कुणी वाटणीचा कागद घेऊन आला नाही. का नाही आला, ते ज्याचं त्याने ओळखावं.

बिनविरोधला माझा विरोध नाही, उगाच तोंडं पाडू नका. २०२०-२१ च्या निवडणुकीत काही आमदारांनी बिनविरोध गावांना लाखोंचा निधी देतो म्हणून जाहीर केलं होतं, त्या लोभाला माझा विरोध आहे. आणि हिवरे बाजारचं नाव मध्ये आणू नकोस, मला ठाऊक होतं कोणीतरी आणणार. पोपटराव पवारांच्या गावात तीस वर्षं बिनविरोध होत राहिलं, कारण गावाने पाणी अडवलं, कुऱ्हाडबंदी केली, कामं दिसली. आणि २०२१ मध्ये कोणाला उभं राहावंसं वाटलं तेव्हा तिथेही मतदान झालं. झालं आणि त्यांचंच पॅनेल निवडून आलं. कोणी कुणाचा अर्ज विकत घेतला नाही. तुम्ही फळ आधी मागताय, झाड नंतर लावू म्हणताय.

एकदा मी खाडीपलीकडच्या एका गावी मतदान केंद्रावर होतो. शाळामास्तरांना ते काम चुकत नाही. पाच वाजत आले होते, पेट्या बांधायची तयारी, आणि एक म्हातारी आली. मासे विकून परस्पर आलेली. टोपली दाराबाहेर ठेवली, कुत्रं येईल म्हणून शिपायाला राखायला सांगितलं. मी शाई लावायला बोट धरलं तर त्यावर खवले चिकटलेले, शाई धरेना. मी म्हटलं, राहू दे आजी, जा आत. तिने हात मागे घेतला. लुगड्याच्या पदराने बोट खसखसून पुसलं, पुन्हा पुढे केलं आणि म्हणाली, नीट लावा मास्तर, उद्या बाजारात दाखवायची आहे. तुमच्या गावात अशा किती जणी असतील? तुमच्या कागदातल्या कुठल्या कलमात त्यांचं बोट आहे?

आता शेवटचं पान काढा. वाटणीचा तक्ता. पहिलं वर्ष हा, दुसरं हा, तिसरं मुंबईहून येऊन-जाऊन असणारा हा. अरे, सहा महिने सलग सभांना गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जातं, ते तरी याला सांगितलंत का? चौथं वर्ष तू. आणि पाचवं वर्ष? पाचव्या वर्षी हिचं नाव. चिठ्ठ्या टाकल्या म्हणता. हिची चिठ्ठी कोणी काढली? ही देवळात होती का त्या रात्री? नव्हती. मग हिच्या नावापुढे सही कोणाची आहे? नवऱ्याची. पाचवं वर्ष म्हणजे काय माहितीय? कामं आधीच्यांनी वाटून झालेली, तिजोरीत खडखडाट, आणि शेवटी आचारसंहिता, म्हणजे एक दिवा बदलायचा तर तहसीलदाराला विचारा. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. त्या निम्म्या जागांचं तुम्ही हे केलंत. सुरमईची शेपटी.

हिला मी आठवीपासून ओळखतो. सरळव्याजाची गणितं तुम्ही बोटं मोडत करायचात तेव्हा ही पाटी पालथी घालून बसलेली असायची, उत्तर काढून. मघापासून तुम्ही पाच जण बोललात, ही एक शब्द बोलली नाही. हिला आणलंत कशाला? सहीची शाई वाळवायला?

बाय, तू बोल. तुला हा कागद मान्य आहे?

...

ऐकलंत? एकदाच म्हणाली, पण मला ऐकू आलं, आणि माझा एक कान अधू आहे.

मग चहा संपवा आणि निघा. राजीनामे इथे ठेवायचे नाहीत. तेही पिशवीत घाला. स्टॅम्पपेपर ज्याने आणला त्याने परत न्यावा, मागची बाजू कोरी आहे, पोराला शुद्धलेखन लिहायला होईल. 'कार्यकाळ' शंभर वेळा, आणि त्याच्याआधी तू लिही.

बाय, तू थांब. तुझा नवरा फाटकापर्यंत पुढे जाऊ दे. अर्ज भरायचाय ना तुला? स्वतःचा, कुणाच्या तक्त्यातला नव्हे. प्रभागाची जागा जातीसाठी राखीव आहे का बघ, असेल तर जात पडताळणीचा अर्ज केल्याची पोचपावती लागेल. घरात शौचालय असल्याचा दाखला लागेल. आणि घरपट्टी भरलेली हवी. घर कुणाच्या नावावर आहे, सासऱ्याच्या? थकबाकी किती? विचारून ये. ग्रामसेवक बुधवारी असतो की गुरुवारी? गुरुवारी. मग गुरुवारी सकाळी जा आणि पावती हातात घेतल्याशिवाय उठू नकोस.

फाटक लावून घे जाताना. गुरं शिरतात.